सोयरिकीच्या वाटेनं आलेले शब्द

लग्न जमलं, कुंकू लागलं, की जालना जिल्ह्यातल्या खेड्यात नवरीच्या आणि नवरदेवाच्या घरी गडगनेराची आवतनं यायला लागतात. आधी सख्खे चुलते, मग मामा, मग आत्या-मावश्या, मग भावकी आणि शेवटी शेजारपाजार. ताटात पुरणपोळी, गुळवणी, भजी, कुरडई. जेवण झालं की नवरीची ओटी भरायची, तिला साडी द्यायची. नवरदेव असेल तर टॉवेल-टोपी नाहीतर शर्ट-पँटचं कापड. कोणी कितव्या दिवशी बोलावलं, कोणाकडं जाणं राहून गेलं, कोणी बोलावलंच नाही, हे सगळं घरातल्या बाया तोंडपाठ ठेवतात. कारण उद्या त्यांच्या पोरीचं लग्न निघालं की हाच हिशेब उलट्या दिशेनं फिटायचा असतो.

पुण्याकडं याला केळवण म्हणतात. गेल्या काही वर्षांत मालिकांमधून आणि मोबाइलवरच्या फोटोंमधून तो शब्द इकडंही रुळला. आता एकाच घरात नातीचं केळवण असतं आणि आजी गडगनेराला निघालेली असते. केळवण या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, तो चांगला जुना शब्द आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. नात 'केळवण' म्हणते तेव्हा ती एका जेवणाबद्दल बोलते. आजी 'गडगनेर' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं घरांची एक रांग असते, आणि त्या रांगेत आपला नंबर कुठं हे तिला पक्कं ठाऊक असतं. घरगुती रीतीच्या शब्दांचा हा संग्रह त्या रांगेसाठी केला आहे.

यात आलेले पुष्कळ शब्द कोशांत सापडतील. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली मुंबईत निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यात झाले. या दोन्ही कामांपुढं मान लवते. पण कोश अर्थ सांगून थांबतो. तो शब्द कोणी, कोणाला, कोणत्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणायचा, तो ऐकल्यावर समोरच्यानं काय करायचं, हे कोशात मावत नाही. घरगुती रीतीच्या शब्दांत तर तेच मुख्य असतं. म्हणून इथं शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. ते कामानं आणि नात्यानं लावले आहेत.

आता 'जालन्याचे शब्द' म्हणताना जालना म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले, परतूर परभणीतून आला. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके नंतर वेगळे झाले. म्हणजे जिल्हा म्हणून याचं वय एका माणसाच्या आयुष्याइतकंही नाही, आणि 'जालन्याची बोली' अशी एकसंध वस्तू शोधायला निघालं तर ती हाती लागत नाही. भोकरदनचा वरचा भाग अजिंठ्याच्या डोंगरावाटे खानदेशाशी बोलतो. जाफराबादला लागूनच चिखली, देऊळगाव राजा, म्हणजे वऱ्हाड. मंठा-परतूरची ऊठबस सेलू-जिंतूरकडं. अंबड-घनसावंगीची गावं गोदावरीच्या काठाला येऊन टेकतात, आणि पलीकडं गेवराई, माजलगाव. वर 'तो जेवू राह्यला' म्हणतात, खाली 'जेवायलाय' ऐकू येतं. मधल्या गावांत दोन्ही.

हा फरक नदी-डोंगरानं पडला, असं आपण सहज म्हणतो. घरगुती शब्दांपुरतं मला ते पुरेसं वाटत नाही. नदी ओलांडून, डोंगर उतरून पोरी दिल्या-घेतल्या जातात, आणि पोरगी सासरी येताना रुखवताबरोबर आपले शब्दही घेऊन येते. चुलीपुढं, न्हाणीत, देव्हाऱ्यापुढं, बाळंतिणीच्या खोलीत कोणता शब्द चालणार हे बायांच्या तोंडावर ठरतं, आणि त्या बाया जन्मानं त्या गावच्या नसतात. एका माळवदाखाली सासू चिखलीकडची, थोरली सून गेवराईकडची, धाकटी मंठ्याची. तिघींचे शब्द आधी एकमेकींवर आदळतात, मग शेजारी बसतात, आणि दहा-वीस वर्षांनी त्यातला एक घराचा होतो. आपल्या घरगुती बोलीचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात सापडायचा नाही. तो सोयरिकींनी आखला आहे, आणि या प्रस्तावनेत मला एवढंच ठासून सांगायचं आहे.

याला इतिहासाची एक साक्ष आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि आपण निजामाच्या राज्यात राहिलो. पुढं ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. मराठीचा खंड, सातवा, १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आहे. पण हैदराबाद संस्थान त्या पाहणीतून वगळलं होतं. त्यामुळं हद्दीपलीकडच्या नणंदेच्या बोलीचा नमुना कागदावर आला आणि अलीकडच्या भावजयीचा राहून गेला. बोली दोघींची जवळपास एकच होती. सरहद्दीवर राज्य बदलत होतं, पण लग्नाच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. त्याच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, महानुभाव मंडळी पैठण आणि रिद्धपूर यांच्या दरम्यान चालत होती. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं त्याच पंथातल्या महदंबेनं रचलेले धवळे हे लग्नातल्या गाण्यांच्याच घाटाचे आहेत. घरातल्या मंगलकार्याची बोली गोदावरी ते वऱ्हाड या पट्ट्यात तेव्हाही फिरती होती.

संग्रहातला सगळ्यांत भरलेला विभाग आहे तो लेकीच्या येण्या-जाण्याचा. मूळ, मुऱ्हाळी, बोळवण, शिदोरी, दुरडी. लेकीला माहेरी न्यायला जो जातो तो मुऱ्हाळी. कुठं त्याला मुराळीही म्हणतात. त्यानं जाणं म्हणजे मूळ जाणं. बहुधा भाऊ जायचा, भाऊ लहान असला तर चुलता. श्रावणातली पंचमी जवळ आली की पोरीचे कान वाटेकडं लागत. मुऱ्हाळी दारात आला की त्याला पायावर पाणी द्यायचं, गूळपाणी द्यायचं, आणि तो कशाला आला हे ठाऊक असूनही सासूनं लगेच विचारायचं नाही. जेवणं झाल्यावर तोच म्हणणार, "मावशी, आक्काला न्याया आलो." मग सासू म्हणणार, "न्या की दादा. पण लक्ष्म्या तोंडावर आल्या. त्याच्या आधी आणून घाला." एवढ्या दोन वाक्यांत सगळा करार होतो: किती दिवस, कधी परत, आणि परत आणायचं कोणी. 'आणून घाला' याचा अर्थ पोचवायची जबाबदारी माहेरची. 'आम्ही येऊ न्याया' म्हटलं तर ती सासरची, आणि तो मोठा मान. मूळ आलं नाही तर पोरीला ते वर्षभर ऐकावं लागे. मूळ आलं आणि सासूनं धाडलं नाही तर ते माहेरच्यांना लागे.

परत जातानाची ती बोळवण. साडी-चोळी, ओटी, आणि दुरडीत शिदोरी: सांजोऱ्या, कानोले, धपाटे, जे त्या घराला जमेल ते. शिदोरी सासरी गेल्यावर गल्लीत घरोघर वाटायची असते. शेजारणी तोंडात घास घालताना तिखट-मीठ बघत नाहीत, दुरडी किती भरली होती ते बघतात. ज्या घरात तंगी असे त्या घरची आई उसनं पीठ आणून दुरडीचा वरचा थर तरी भरायची. शिदोरी हा शब्द पाठ्यपुस्तकात प्रवासातल्या डब्यापुरता येतो. इथल्या बाईला त्यात आईची अब्रू दिसते.

आता एसटी आहे, मोटरसायकल आहे, फोन आहे. पोरगी सकाळी येऊन संध्याकाळी जाते. ती जास्त मोकळी झाली, हे चांगलंच झालं, आणि त्यासाठी मुऱ्हाळी हा शब्द गेला तर त्याची किंमत मोजायला माझी हरकत नाही. पण तो गेला हे लिहून ठेवलं पाहिजे. पंचविशीतल्या पोरींना विचारलं, तर बऱ्याच जणींनी तो फक्त आजीच्या ओव्यांत ऐकलेला होता.

याच्या उलट जात्याचं. पिठाची गिरणी गावात आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण शब्द गेला नाही. लग्नाच्या आधी जात्याला हळकुंड बांधायचं, सवाष्णींनी मिळून हळद दळायची, उखळ-मुसळानं घाणा भरायचा, हे अजून होतं. गिरणी कांडप करून देते, तरी घाण्याला मुसळ लागतंच. ज्या शब्दामागचं काम संपलं पण माणसं एकत्र यायची थांबली नाहीत, तो शब्द टिकला. ज्यामागचं येणं-जाणंच बदललं, तो गेला. संग्रह करताना हे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं, आणि शब्द 'जुना' म्हणून मरतो ही समजूत माझ्यापुरती संपली.

सणांच्या विभागात महालक्ष्म्यांनी जास्त जागा घेतली आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्या गौरी, त्या आमच्याकडं महालक्ष्म्या, बोलताना नुसत्या लक्ष्म्या. भादव्यात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी. कोणाकडं उभ्या, कोणाकडं बसत्या, कोणाकडं मुखवट्यांच्या, कोणाकडं नुसत्या खड्यांच्या. हे घराण्याचं चालत आलेलं असतं, ते बदलायचं नाही. येण्याच्या दिवशी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटवलेली असतात. दोघीजणी एकेक मुखवटा ताटात घेऊन निघतात, मागून एक पोर पळीनं ताट वाजवत येतं. धान्याच्या कोठीपाशी, चुलीपाशी, तिजोरीपाशी, गोठ्यापाशी थांबायचं. धरणारी सांगते की लक्ष्मी आली, बाकीच्या विचारतात कशाच्या पावलानं, आणि ती त्या जागेला शोभेल असं उत्तर देते. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर टांगलेला फुलोरा. या सणाचे शब्द पाठोपाठच्या गावांतही वेगळे निघतात, कारण त्यात सासूचा हात वरचढ असतो आणि सासूही कुठून तरी आलेलीच असते. एका सुनेनं सांगितलं, "आमच्यात बसत्या हुत्या, इथं उभ्या. पयल्या साली हातच चालना." 'आमच्यात' म्हणजे माहेरी. सासरी येऊन नातवंडं झाली तरी हा 'आमच्यात' सुटत नाही, आणि संग्राहकाला तो फार मोलाचा. तो कानावर पडला की समजायचं, आता दुसऱ्या गावचा शब्द येणार.

नवरात्राआधी घर पोतारतात, म्हणजे भिंतींना पांढऱ्या मातीचा हात देतात, आणि घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या नदीवर नेऊन धुतात. कुंडलिका, दुधना, पूर्णा यांच्या काठी पूर्वी त्या दिवसांत धुण्याची गर्दी असे. मग घट बसतात आणि दिवस माळेनं मोजले जातात: आज तिसरी माळ, उद्या चौथी. अंबडच्या मत्स्योदरीच्या यात्रेला कोण कधी जाणार हेही माळेवरच ठरतं. दसऱ्याला शिलंगण. दिवाळीत शेणाच्या गवळणी. वैशाखातली तीज कुठं आखाजी, कुठं आखिती. त्या दिवशी पितरांच्या नावानं करा आणि केळी या दोन मातीच्या भांड्यांत पाणी भरून ठेवायचं. अधिक महिना आला की धोंड्याचा महिना, आणि जावयाला धोंड्याचं जेवण. यांच्या नोंदी आत सविस्तर आहेत.

पोळ्याबद्दल मात्र थोडं थांबते. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैल धुऊन आणलेले असतात. वर्षभर जू घासून खांद्यावरचं कातडं कठीण झालेलं असतं, कुठं केस गेलेले असतात, कुठं जुन्या जखमेची खूण. लोण्यात नाहीतर तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं ती खांद मळतात. मळणारा घरचा कर्ता असतो आणि तो त्या वेळी फारसं बोलत नाही. मग बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, पाहुण्याला देतात तसंच, तोंडानं म्हणून. गडगनेराला जो शब्द, तोच बैलाला. घराच्या नात्यांत बैल कुठं बसतो हे त्यावरून कळतं. पोळ्याचा दुसरा दिवस कर. ज्यांच्या दावणीला आता बैल नाही, ट्रॅक्टर आहे, ते मातीचे बैल आणून पुजतात. पण मातीच्या बैलाला खांदमळणी करत नाहीत, आणि हा शब्द त्यामुळं वेगानं मागं पडतो आहे. त्याच्याबरोबर वारंगुळाही: एकेक बैल असलेल्या दोन शेतकऱ्यांनी जोडी जमवून आलटूनपालटून शेत करायचं, तो वारंगुळा. त्यात दोन घरांच्या बायांमध्येही भाकर-कोरड्यासाची देवाणघेवाण चालत असे.

घरगुती रीती म्हटलं की हिंदू घरांच्याच रीती मोजायची सवय आहे. जालन्यात ती चालायची नाही. कंदुरी हा शब्द इथं दोन्हीकडचा. पिराला बोललेला नवस फेडायला बकरं कापून गावजेवण घालतात ती कंदुरी, आणि ती करणाऱ्यांत मराठा, धनगर, माळी घरं पुष्कळ. मलिदा, संदल, मोहरमच्या सवाऱ्या यांची तीच गोष्ट. निजामाच्या दिवसांतला दस्ती म्हणजे हातरुमाल लग्नाच्या आहेरात अजून शिल्लक आहे. मंठा-परतूरकडच्या लमाण तांड्यांत टोपलीत गहू पेरून पोरी तीज करतात, आणि बाळाच्या पहिल्या होळीला धुंड होतो. हे शब्द मी गोरबोलीतले म्हणूनच नोंदवले आहेत, त्यांना मराठी करून घेतलेलं नाही.

काही शब्द लिहिताना हात जड झाला. येसकराची भाकर ही उंच घरात 'रीत' होती. जो टोपली घेऊन दारोदार फिरे त्याच्या पोरांना ती आठवण नकोशी आहे. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर अनेक दलित घरांनी जुने देव, जुने सण आणि त्यांचे शब्द ठरवून टाकले. त्या घरांकडून मी ते पुन्हा मागितले नाहीत; त्यांनी आपणहून सांगितलं तेवढंच घेतलं, त्यांच्याच शब्दांत. सवाष्ण या शब्दाचंही असंच. हळदीच्या मांडवात जिला सवाष्ण म्हणून हाक मारतात तिच्या शेजारीच भिंतीला टेकून नवरीची विधवा आत्या बसलेली असते. नोंदीत सवाष्ण आहे तिथं त्या आत्याला बाहेर ठेवण्याची रीतही लिहिली आहे. गोड गोड तेवढं जमवलं असतं तर हा संग्रह खोटा झाला असता.

बोलायचं टाळण्याचे शब्द हा आणखी एक विभाग, छोटा पण मला जिव्हाळ्याचा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळही वाढवायचा. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं. यांतले पुष्कळ शब्द सगळ्या महाराष्ट्राचे आहेत. तरी ते इथं घेतले, कारण पोरीला ते शिकवले जातात ते असे: कामाच्या मधेच, पाठीत हलका धपाटा देऊन. मरणाचे शब्दही असेच झाकलेले. कोणी गेलं की 'मातीला जायचंय'. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून येतो तो कडू घास. नंतर सोयरे दुखवट्याची कापडं आणतात. इथंही पहिली भाकर कोणी आणायची, दुखवटा आधी माहेरचा की व्याह्यांचा, हे ठरलेलं असतं. इतक्या दुःखात बायकांना तो क्रम आठवतो कसा याचं मला नवल वाटे. मग लक्षात आलं, की काय करायचं ते ठरलेलं असल्यानं त्या दिवशी त्यांना उभं राहता येतं.

वाचकांसाठी नोंदींची रीत सांगते. प्रत्येक शब्दापुढं तालुका आहे, आणि त्यापुढं मा. किंवा सा. अशी खूण आहे. मा. म्हणजे सांगणारीनं तो शब्द माहेरी ऐकला, सा. म्हणजे सासरी आल्यावर उचलला. माहेर जिल्ह्याबाहेरचं असेल तर ते कोणत्या बाजूचं हेही दिलं आहे. उदाहरणार्थ घर झाडायचा तो फडा. लक्ष्मीपूजनाला हाच झाडू लक्ष्मी होतो, आणि तेव्हा त्याला कोणी शिराई म्हणतं, कोणी केरसुणी, कोणी नुसतं लक्षुमी. भोकरदनच्या एका घरात हे तिन्ही शब्द मिळाले, तिघी जावांकडून, आणि तिघींपुढं मा. हीच खूण आहे. तिघींनीही आपला शब्द सोडलेला नव्हता. त्यांच्या पोरी आता कोणता घेऊन कुठल्या गावी जातात, ते पुढच्या नोंदीत येईल. त्यासाठी प्रत्येक विभागाच्या शेवटी पानं कोरी ठेवली आहेत, आणि ती ज्यांनी त्यांनी आपल्या घरच्या हातानं भरायची आहेत.